मामाजी, मनीबाईले पानी जास्त झालं

मामाजी, मी बोलून राह्यली. तुमची लहानी सून. आवाजावरून तुमी ओळखनार नाई, कारन माया आवाज तुमच्या कानावर पडला तो सारा पडद्यामांगून, नाईतं पोरीच्या नावानं. आता तेरवीसाठी तुमचा फोटो फ्रेम करून आनला, त्याच्यासमोर उभी हाये तं इथंबी पदर नाकापर्यंत ओढला, अन् मंग मलेच समजेना का कोनाले लाजून राह्यली. भांडे घासाचे पडले, घरात पाहुने हायेत, कोनी आत आलं तं म्हनन का सुनेले याड लागलं, फोटोशी बोलते. म्हनून मायं बोलनं इकडचं तिकडं होईन, सांभाळून घेजा.

मनीबाईले पानी जास्त झालं, मामाजी. तुमी गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून होत होतं अन् मी पाहत होती अन् मायं तोंड उघडलं नाई. घरात दुसऱ्या कोनाले मालूम नव्हतं का त्या झाडाले काय पाह्यजे. मलेच मालूम होतं, अन् मीच गप. आता सारं सांगते.

जामकडून मी रोहण्याले नांदाले आली तवा मायनं सांगतलं होतं, सासऱ्याच्या समोर पडाचं नाई, बोलाचं तं मुळीच नाई. आमचं घर सडकेवर, नागपूरचे टरक दिवसभर दारापुढून जात, त्या आवाजात मी वाढली, मले मोठ्यानं बोलाची सवय. अन् इथं एकदम असं का भांडं खाली ठेवलं तरी वाजू नये. पयल्या सालात मी तुमचं तोंड नीट पाह्यलंच नाई. चपला पाह्यल्या, धोतराची किनार पाह्यली. चपला दारात दिसल्या का समजे तुमी बैठकीत हाये, मंग मी पडद्याखालून चहाचा कप सरकवून दाराची कडी वाजवत होती. कडी वाजली का तुमी खाकरत. एवढंच आपलं बोलनं. मायी कडी अन् तुमचं खाकरनं.

अन् मंग एक दिवस तुमी झाडाशी बोलले.

ते झाड तुमच्या आर्वीच्या हापिसातल्या साहेबाची बाई बदलीच्या वक्ती भिंतीवर ठेवून गेलती म्हनतेत. कोनी नेलं नाई, तं तुमी एसटीत मांडीवर घेऊन आले. हे, तुमचा लहाना पोरगा, सांगत होते का सारी एसटी हासत होती, कंडक्टर म्हने, "बाबुजी, लेकराचं अर्धं तिकीट फाडू काय?" नाव त्याचं कोनालेच मालूम नव्हतं. पानं पानासारखे नव्हतेच. भिजोलेल्या शेंगदान्यासारखे फुगीर, गुळगुळीत, दांडीवर दाटून बसलेले, बुडाशी हिरवे अन् शेंड्याले लाल, जसा कोनी एक-एक दाना कुंकवात टेकवला. मनी ओवल्यावानी दिसे म्हनून तुमी त्याले मनीबाई म्हनाले लागले. डालडाच्या डब्याले खिळ्यानं छेद पाडले, बुडाशी छपराच्या फुटक्या कवेलूचे तुकडे, त्याच्यावर नाल्याची रेती मिसळलेली माती, अन् डबा बैठकीच्या खिडकीत. आत्याबाई, मायी सासू, म्हने, "तुळस मायी अंगनात, अन् हे बिननावाची पाहुनी बैठकीत बसवली."

त्या दिवशी मी आतून आयकलं, "मनीबाई, आज चहात साखर राहून गेली बरं. पन चालते."

घरात दुसरं कोनी नव्हतं. तुमी झाडाले सांगत होते अन् ते मायासाठी होतं, हे समजाले मले वेळ लागला. समजलं तवा पदर तोंडात कोंबला, लाज बी वाटली अन् हासू बी आलं. दुसऱ्या दिवशी मी भेवानं साखर दुप्पट टाकली, तं तुमी म्हटलं, "मनीबाई, आज तं पाकच झाला. मुंग्याइले बोलावतो." मायाशी कोनी असं बोललं नव्हतं, मामाजी. मायेरी नाई, इथं नाई. तसं पाह्यलं तं मायाशी बोललं बी नव्हतंच ना कोनी, झाडाशी बोललं.

मंग चिमी झाली. मी पाचवीपर्यंत शिकलेली, मले लेकराचं काई येत नव्हतं. एवढुशी होती ते, मुठीत मावन असं डोकं. रडली का मले वाटे मरते, नाई रडली का वाटे मेली. घडीघडी तिच्या नाकासमोर बोट धरो, श्वास हाये का पाहो, बोट थंडं लागलं का ते दचके अन् रडे, अन् मंग मी बी तिच्यासंगं रडो. तुमी बाहेरून पाहत असान, कारन एक दिवस आवाज आला, "मनीबाई, लेकराचं नाक असं घडीघडी चापलू नये. त्याले वाटते बाजारातल्या वांग्यावानी कोनी भाव करून राह्यलं." मले इतकी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "मनीबाई, रडते म्हंजे छातीत दम हाये. आमचा मोठा पोरगा असाच रडे, आता नागपूरले साहेब झाला अन् दुसऱ्याइले रडवते." मोठा पोरगा म्हंजे माये भासरे. आत्याबाई अंगनातून म्हने, "बायकोशी बोलाले तोंड दुखते, अन् झाडासंगं पंचायत चालली." तुमी खाकरले.

मंग मलेबी हिंमत आली. लेकरू होतं ना आता हातात. मी म्हनो, "चिमे, आबाले सांग, जेवन झालं." "चिमे, आबाले इचार, गोळी घेतली का." चिमी दोन महिन्याची, तिले मान धरता येत नव्हती, अन् सारी पंचायत तिच्या नावानं. तुमी झाडाच्या नावानं, मी पोरीच्या नावानं.

डोळ्याच्या आपरेशनले तुमी वर्धेले गेले, त्याच्या आदल्या दिवशी मनीबाईले केवढं मोठं सांगतलं. मले अजून सारं पाठ हाये. शाळेतलं काई राह्यलं नाई, हे राह्यलं. "मनीबाई, मी नाई तवा कोनी माया करून रोज पानी पाजाले आलं, तं पिजो नोको. मातीत बोट घालून पाहाव, पेरापर्यंत. आतूनबी कोरडं लागलं तं पानी, नाईतं नाई. अन् पानी बुडाशी, अंगावर नाई. दान्याले सुरकुती पडली का समजाव तहान लागली, त्याचं भेव नाई, ते भरून येते. पन दाना काचेसारखा आरपार दिसाले लागला का समजाव जास्त झालं, अन् ते भरून येत नाई. सकाळचं ऊन पाह्यजे. उन्हाळ्याचं दुपारचं नाई. पावसाळ्यात खिडकीतून झड आली का डबा आत." मी पडद्यामांगं उभी राहून मान हालवत होती, जसं काई तुमाले दिसत होतं.

वापस आले तवा डोळ्यावर हिरवी पट्टी होती. हातपाय धुवाच्या आंधी खिडकीपाशी गेले, मातीत बोट घातलं, एका डोळ्यानं पाह्यलं अन् म्हटलं, "मनीबाई, तुले राखनारी भेटली." मी चुलीपाशी जाऊन बसली अन् ओलं लाकूड लावलं, म्हंजे डोळ्यात पानी काऊन हाये हे कोनी इचारू नये.

अन् आपलं भांडन झालं ते. भांडनच म्हनाव लागन. थंडीचे दिवस होते, मनीबाई अशी लाल झालती का रस्त्यानं जानारे थांबून पाहत. मी इचारलं, "चिमे, आबाले इचार, एवढी लाल कायनं झाली?" तुमी खुशीत होते. म्हटलं, "मनीबाई, सांग तूच. थंडी, ऊन, अन् कमी पानी. जरा तरास असला का तुले रंग चढते. सावलीत बसवून पोटभर पाजलं तं हिरवी अन् लांबट, गवतावानी."

त्या दिवशी चिमीचं पोट बिघडलं होतं, मी विहिरीवरून घागरी आनून आनून थकली होती, दोरानं हात फाटले होते, आत्याबाई धुन्यावरून बोलली होती. मले काय झालं कोन जाने. मी म्हटलं, "चिमे, आबाले म्हन, मंग राहू द्या ना तिले हिरवी. तिनं थोडीच म्हटलं का मले लाल करा. लोकाइले पाहाले बरं वाटते म्हनून तिनं तहानलेली राहाव काय?"

तुमी खाकरले बी नाई. मले वाटलं झालं, आता हे मले मायेरी धाडतीन. लई वेळानं तुमी म्हटलं, "मनीबाई, चिमी बराबर बोलली. याचं उत्तर मायापाशी नाई. सोचून सांगतो."

अन् दुसऱ्या दिवशी सकाळी तुमी विहिरीवर. स्वतः दोर धरला. गावातले मानसं हासत, "बाबुजी, सून आनली का मालकीन?" तुमी म्हनत, "डॉक्टरनं हाताले कसरत सांगतली." डॉक्टरनं डोळ्याचं सांगतलं होतं, हाताचं कोन सांगतलं. मी घरात लाजेनं मरत होती. सासऱ्यानं पानी शेंदाव अन् सुनेनं भराव, माया मायनं आयकलं असतं तं तिनं मले विहिरीत लोटलं असतं. मी एकडाव बी म्हटलं नाई का राहू द्या, कारन हात दुखत होते. अन् एकडाव बी म्हटलं नाई का तुमचे उपकार झाले. तेच तुमचं उत्तर होतं का आनखी काई सोचून सांगनार होते, ते राह्यलंच. मी इचारलं नाई. चिमीच्या नावानं बी नाई.

आता पान्याचं सांगते.

तुमाले जिथं ठेवलं होतं तिथं मांगून दिवा लावला, दिव्यापाशी पान्याचा लोटा ठेवला, अन् वरतेच खिडकीत मनीबाई. बाया भेटाले आल्या. शेजारची कमलाबुढी रडली, मंग तिचं ध्यान खिडकीत गेलं. "बाबुजीचा जीव याच्यात होता वो माय," म्हने, अन् लोटा उचलून डब्यात पानी टाकलं. मरनाऱ्याच्या तोंडात घालतेत तसं, हळू हळू. सगळ्या बायाइचे डोळे भरले. मंग दुसरीनं टाकलं. मंग जो येई तो टाके. कोनी खाली हातानं जाऊच नये असं होऊन गेलं. तुमाले तहान लागू नये म्हनून, मामाजी. कोनाच्या मनात वाईट नव्हतं. मले तं उलटं वाटे, एवढ्या लोकाइले तुमी पाह्यजे होते.

अन् भासरे आले नागपूरहून. सकाळी आंघोळ करून ओल्या धोतरानं भरलेला लोटा घेऊन खिडकीपाशी उभे राहत, तुळशीचं पान टाकून, डोळे मिटून सारा लोटा वतत. "घ्या, बाबुजी." एवढे मोठे मानूस, डोळ्यातून धार. मी पडद्यामांगं. त्याइच्या समोर तं मी तुमच्यापरीस जास्त लपत होती, भासऱ्याची सावली बी पडू देत नाई आपल्याकडं. मले वाटे त्याइचा हात धराव. अन् मी चिमीले दूध पाजत बसून राहो.

दाने काचेसारखे झाले. तुमी सांगतलं होतं तसेच, आरपार. हात लावला का गळत. दांडी बुडातून काळी पडली. बाया म्हनाल्या, "पाहा, झाड बी सुकून राह्यलं त्याइच्यामांगं. मुकं हाये पन जीव लावला होता." मामाजी, ते सुकत नव्हतं, ते सडत होतं. पन ते बोलनं साऱ्या रोहण्यात पसरलं. बाबुजीच्या मांगं त्याइचं झाड चाललं. लोकं ते पाहाले याले लागले. आष्टीवरून तुमची आतेबहीन आली ते दिव्याआंधी झाडापाशी गेली, दांडीवरून हात फिरवला, दोन दाने तिच्या हातातच आले, ते तिनं पदरात बांधले अन् अख्खा लोटा रिकामा केला. मी पाहत होती. मले वाटलं आता तरी बोलाव, बाई मानूस हाये, आपल्याच घरची. अन् मी चिमीले उचलून आत गेली.

ह्याइले सांगतलं मी. नाई सांगतलं असं नाई. म्हटलं, "अवो, आयका ना. दादाजीले त्या झाडाले पानी नोका टाकू द्या."

"काऊन?"

"सडून राह्यलं ते. त्याले एवढं पानी चालत नाई."

"दादाले कोन सांगन? लोकं म्हनतीन, बाप मेला अन् लहान्या पोरानं बापाचं पानी बंद केलं."

"मामाजी कदी एवढं टाकत नव्हते. तुमाले सांगतलं नाई कदी?"

"मायाशी ते कायले बोलतीन झाडाचं?" असं म्हनून हे तिकडं तोंड करून बसले. मंग म्हने, "तू गप राह्य. झाड हाये ते."

म्हंजे बापाचं पानी बंद कराचं असन तवा ते बाप होतं, अन् मी बोलाचं असन तवा ते झाड होतं. हे मले आता सुचलं, तवा नाई सुचलं. तवा मी गप राह्यली.

एकडाव बैठकीत कोनी नव्हतं तं मी धावत गेली, डब्याच्या खालच्या छेदात काडी घातली. सारा चिखल अडकला होता. पानी भळकन बाहेर आलं, घान वास, खिडकीतून भिंतीवर ओघळ. तेवढ्यात आत्याबाई आली. "काय करून राह्यली?" "पुसून राह्यली," मी म्हटलं अन् पदरानं भिंत पुसाले लागली. आत्याबाई डब्याकडं पाहून म्हने, "गेलं तं हेबी," अन् तिनं काय केलं असन, मामाजी? लोटा उचलला. तिच्या हातानं. तुमच्या बायकोच्या हातानं पानी, ते मी कसं अडवू? पदर तसाच ओला घेऊन मी आत गेली.

दसव्याच्या सकाळी सारे मानसं बैठकीत जमले, नदीवर जाची तयारी. न्हावी येऊन गेलता, भासऱ्याइचं डोकं कोवळ्या लेकरासारखं दिसत होतं. ते म्हने, "हे झाडबी नेऊ. बाबुजीसंगं नदीत सोडून देऊ. याच्यात आता जीव नाई." कोनी म्हटलं, बराबर हाये. कोनी म्हटलं, असं झाड पाह्यलं नाई बाप्पा. भासऱ्याइनं लोटा घेतला. "शेवटचं पाजून देतो."

मी पडद्यातून पाह्यलं. एका दांडीचा शेंडा अजून चांगला होता. लाल होता. चार-सहा दाने घट्ट. मी चिमीच्या नावानं बोलाले गेली अन् पाह्यलं तं चिमी खांद्यावर झोपून गेलती. झोपलेल्या लेकराच्या नावानं कसं बोलाव? मले दुसरं कोनाचंच नाव सुचेना. लोटा खाली झुकला अन् मी पडद्याच्या बाहेर.

"दादाजी, पानी नोका टाकू."

मायाच आवाज मले सडकेवरच्या भोंग्यावानी लागला. सारे मानसं वळले. हे तं भिंतीकडं पाहाले लागले. मी आता थांबली तं पुन्हा बोलनार नाई हे मले मालूम होतं, म्हनून थांबली नाई, एका दमात, "ते शोकानं नाई मरून राह्यलं, पान्यानं मरून राह्यलं, मामाजी बोट घालून पाहत पेरापर्यंत अन् कोरडं लागलं तरच टाकत, तुमी बी घालून पाहा, तुमाले मायी शपथ नाई, पोरीची हाये, पाहा."

भासऱ्याइनं लोटा खाली ठेवला. बोट मातीत घातलं. ते बोट खाली चाललंच, चाललंच, जसं शेनात जाते. बाहेर काढलं तं काळं, अन् तो वास. सगळ्याइले आला. ते आपल्या बोटाकडं पाहत राह्यले.

"मी तं बाबुजीले पाजून राह्यलो होतो," म्हने. एवढ्या लहान आवाजात का मले वाटलं मीच काई मारलं त्याइले.

मी मार खाची तयारी करून उभी होती, मामाजी. पाठ कडक केली होती. कोनी रागावलं नाई. आत्याबाई कोपऱ्यातून म्हने, "मंग सांगत काऊन नव्हती?"

बस एवढंच. खरंच इचारलं तिनं, टोमना नव्हता. अन् मले तिथं जमीन फाटाव असं झालं. कारन मायापाशी याचं उत्तर नव्हतं. सांगता येत नव्हतं म्हनाव, तं आता सांगतलंच ना. आभाळ कोसळलं नाई. मंग आठ-नऊ दिवस काय धरून बसली होती मी? तुमी एवढं झाडाच्या नावानं मले शिकवलं अन् मी त्या झाडापुढंच उभी राहून मुकी. रीत होती म्हनून का भेव होतं म्हनून, का थोडं असंबी होतं का तुमचं एवढं एक मलेच मालूम हाये, ते कोनाले काऊन सांगू? हे शेवटचं मले आज सकाळी सुचलं, अन् त्याचीच जास्त लाज वाटून राह्यली.

तो शेंडा मी तोडला. सगळ्याइच्या समोर. चांगले दाने बी वेचले. कोरड्या रेतीवर ठेवले, सावलीत, कोनाड्यात. तुमी म्हनत, तोडलेलं लगेच लावू नये, जखम सुकू द्याव, मंग रेतीवर नुसतं ठेवलं तरी दाना आपलंआपन मूळ काढते. लागतीन का नाई मले मालूम नाई. बाकीचा डबा भासऱ्याइनं कोनालेच उचलू देल्ला नाई, स्वतः छातीशी धरून नदीवर नेला. संध्याकाळी आले अन् कोनाड्यापाशी थांबले. हात मांगं बांधून, लांबूनच पाह्यलं. मी आतून म्हटलं, "चिमे, मोठ्या बाबाले सांग, पाहाले हरकत नाई." ते म्हने, "चिमे, आईले सांग, मले आता भेव वाटते."

काल दुपारी मी अन् आत्याबाई तेरवीचे तांदूळ निवडत बसलो होतो. आत्याबाई तुमी गेल्यापासून मायाशी कामापुरतंच बोलत होती. अचानक म्हने, "ते मातीत बोट घालत?"

"हो."

"मले कदी नाई सांगतलं." थोडं निवडलं. मंग म्हने, "आनखी काय म्हनत?"

मी सांगतलं. साखरेचं सांगतलं, मुंग्याइचं. चिमीच्या नाकाचं सांगतलं तं ते हासली, तोंडावर हात ठेवून, तुमी गेल्यावर पयल्यांदा. हाताच्या कसरतीचं सांगतलं तं म्हने, "मले वाटलंच होतं, डोळ्याचा डॉक्टर हाताचं कायले सांगन." सांगता सांगता मायं बोलनं बारीक होत गेलं. तुमी दिवसभर जे बोलत ते सारं मायापाशी जमा होतं, अन् जिनं तुमच्यासंगं जलम काढला तिच्यापाशी नुसतं खाकरनं. ते मलेच इचारत होती का तिचा नवरा काय बोले. मले तिच्याकडं पाहवेना.

"मायं काई म्हनत का?"

सुपातून नजर काढली नाई तिनं. मी बी नाई काढली. मी लई आठवून पाह्यलं, मामाजी, खरंच सांगते. साखर होती, चिमी होती, पाऊस होता, गावच्या लोकाइच्या नकला होत्या. तिचं काई नव्हतं. असन, तुमच्या मनात असन, पन तुमी मनीबाईले ते सांगतलं नाई.

"म्हनत," मी म्हटलं.

"काय?"

"म्हनत, मनीबाई, हळू बोल, आत तिचा आत्ताच डोळा लागला."

आत्याबाईनं एक खडा उचलून बाजूले टाकला. "खोटी," म्हने. "मी कदी निजली दुपारी?"

मी सुपात खडे शोधाले लागली. मायं तोंड लाल झालं असन. मंग ते म्हने, "कोन्या दिवसात म्हनत?"

"उन्हाळ्यात."

तिनं सूप हालवलं. पुन्हा हालवलं. "उन्हाळ्यात निजत होती मी," म्हने. "जराशी."

मामाजी, ते तुमी म्हटलं नव्हतं, मी म्हटलं. तुमच्या नावानं बोलली. आता कोनी इचारलं तं नाई म्हनू नोका.